नगरपालिका आणि आजीचा अंगठा

तारीख बारा, गुरुवार, दुपार

चि. सौ. नातसूनबाईस आजीचे भरभरून आशीर्वाद.

किती गं विसरभोळी तू! जाताना चार्जर नेलास, छत्री नेलीस, ओला टॉवेलसुद्धा पिशवीत कोंबलास, आणि एवढी मोठी म्हातारी तेवढी खुर्चीत विसरून गेलीस. दीड महिना झाला. हरवली म्हणून शोधायला तरी यायचंस.

इथे सगळं ठीक आहे. माझे गुडघे होते तिथेच आहेत. शेजारच्या शिवणवाल्या बाई रोज विचारतात, "नातसून कधी येणार?" मी सांगते, तिच्या आईला बरं नाही. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, आणि चारचौघांत जरा खोकत जा म्हणावं.

हे पत्र तुझा नवरा लिहितोय. मला अक्षर येत नाही आणि घरात तिसरं माणूस नाही, तेव्हा त्याची तक्रार त्याच्याच हातानं लिहून घेणं आलं. मघाशी म्हणाला, "आजी, मी तिला मेसेज करतो की." म्हटलं, तुझा मेसेज ती उघडत नाही, माझं पत्र उघडेल. लिही. हेही लिही.

तुमच्या पुढच्या खोलीत आता ऊन येत नाही. खिडकी बंद, पडदा ओढलेला, टेबलाखाली ती यंत्रं दिवसभर घरघरतात. नगरपालिका, दोन दवाखाने, लाकडाची वखार, सगळ्यांचे कंप्युटर चोरांपासून सांभाळायचे. तू होतीस तेव्हा दोघं होतात, आता हा एकटा. फोन वाजला की घास गालात ठेवून बोलतो. दाढी वाढलीय, अगदी आजोबांसारखा दिसतो, आणि आजोबा शेवटी शेवटी काही फार चांगले दिसत नव्हते.

आता मोठी बातमी. मला नोकरी लागली.

पगार नाही, रजा नाही. तुला ठाऊकच आहे, मोठ्या कामाला दोन माणसांचा होकार लागतो, असा पालिकेचा नियम. दुसरी तू होतीस. तू गेलीस, ह्यानं तुझ्या जागी माझं नाव घातलं. टेबलावर बिस्किटाएवढी काळी डबी आहे. तिच्यावर मी अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागतो, आणि दुसऱ्या जबाबदार बाईनं सगळं तपासलं असं पालिकेला कळतं. जबाबदार बाईला तो कंप्युटर चालू कुठून करतात ते माहीत नाही.

दोनदा दिला मी अंगठा, दाराची बेल दाबावी तसा. तेव्हापासून मला बाहेर सोडत नाही. शिवणवाल्या बाईंकडे बसायला निघाले की म्हणतो, "आजी, जाऊ नकोस, कधीही लागेल." एका अंगठ्यासाठी बाकीची नऊ बोटं आणि अख्खी म्हातारी कोंडून घातलीय बघ.

परवा पुन्हा मागायला आला. मी म्हटलं, आता कशाला?

"सोमवारी पालिकेला कळवायचंय. त्यांच्या सगळ्या कागदांची दुसरी प्रत आपण ठेवतो ना, ती उघडून पाहिली, नीट आहे, असं."

"पाहिलीस?"

तो डबीवरची धूळ पुसायला लागला.

"पाहिलीस का रे?"

"पाहिली. अर्धी उघडते आणि थांबते."

पलीकडच्या शहरात काय झालं ते तू ऐकलं असशील. चोर शिरले, पालिकेचे सगळे कागद कुलूपबंद केले आणि आता किल्लीचे पैसे मागतायत. तिथे जन्मलेल्याचा दाखला मिळत नाही, मेलेल्याचाही नाही. त्यांच्याकडेही प्रत होती म्हणे. वेळेला उघडली नाही.

मी म्हटलं, मग खरं सांगून टाक.

"सांगितलं तर काम जाईल, आजी. पालिका गेली की बाकीचेही जातील. मी दुरुस्त करतोय ना, थोडा वेळ हवाय फक्त."

"मग वेळ माग."

"मागितला की कळेल त्यांना!"

खोलीला दार आहे, दाराला कडीसुद्धा नाही, आणि पोरगा आत असा बसलाय की जणू भिंत बांधून घेतलीय.

तू का गेलीस ते मी अजून लिहायला सांगितलं नव्हतं. तुझ्या आईच्या खोट्या खोकल्याची मलाच इतकी सवय झालीय. आत्ता सांगितलं तर ह्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "हे तिला माहीत आहे." तिला माहीत आहे रे, पण तू कुठे तिला सांगितलंस? उचल पेन.

तू म्हणाली होतीस, आधी प्रत उघडून दाखव, मग हो म्हणते. तू आंघोळीला गेलीस आणि ह्यानं तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्या पासवर्डनं, तुझ्या नावानं हो दाबलं. तू बाहेर आलीस, कंप्युटरच्या पडद्याकडे बघितलंस, आणि ओल्या केसांनी तशीच गेलीस. मी समोरच होते गं. तुझ्या खुर्चीत बसताना त्याला पाहिलं, वाटलं, चष्मा शोधत असेल.

तुझा होकार त्यानं चोरला. माझा मी फुकट दिला.

म्हणून परवापासून मूठ आवळलीय. चोर कागद कोंडून पैसे मागतात, मी अंगठा कोंडून पत्र मागितलं. "पत्र लिहिलं की देशील?" म्हणाला. म्हटलं, तसं मी बोललेच नाही. आधी लिही. रात्री हात पोटाशी घेऊन झोपते. सख्ख्या नातवाची भीती वाटावी, असं काय वय आहे माझं?

आत्ता सगळं वाचून दाखवलं त्यानं. मध्ये दोनदा पाणी प्यायला उठला, पण वाचलं. तरी कागदावर तेच आहे का, हे मला कसं कळणार? टपालपेटीपर्यंतही हे त्याच्याच पायांनी जाणार. तुझ्या हातात पडलं तर एवढं तरी त्यानं केलं असं समज. सोमवारी पालिकेला काय सांगेल, मला ठाऊक नाही. मी विचारलं, तर फोनकडे बघत बसला.

ये, असं मी म्हणत नाही. बायको म्हणून आलीस तर तो रडेल, तू विरघळशील, आणि डबी तिथेच राहील. यायचं तर कामाला ये. ती प्रत पुढ्यात घे, आणि उघडत नसेल तर नाही म्हण, मोठ्यानं, पालिकेला ऐकू जाईल असं.

शिक्क्याच्या शाईत बुडवून खाली अंगठा उठवलाय. काय लिहिलंय ते समजून उठवलेला हा ह्या घरातला पहिलाच.

तुझी,
खुर्चीतून न हललेली
आजी

ता. क. उत्तर लिहू नकोस, वाचून दाखवणारा हाच. त्यापेक्षा बसवाल्याकडे डबा दे. येणार असशील तर गोड कर, नसशील तर तिखट. तुझ्या हातची चव मी ओळखते, त्यात ह्याला काही फिरवता यायचं नाही. काहीही केलंस तरी मऊ शिजव, मला दात नाहीत. आणि तिखट असलं तरी दोघांना पुरेल एवढं पाठव, हा कालपासून जेवलेला नाही.