सामन्याची पांढरी पँट

४ फेब्रुवारी.
खोकला गेला. डॉक्टरकडे न जाता. कॅरव्हॅनच्या खणात जुन्या अँटिबायोटिकची दोन पाकिटं होती, दोन्ही संपवली. मर्लने विचारलं, गोळ्या म्हणजे शेंगदाणे का रे, लिंडसे? बायकोला विज्ञानात गती नाही.

११ फेब्रुवारी.
पोट बिघडलं. किरकोळ. बोल्सची, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या आमच्या खेळाची, फायनल १५ मार्चला. अकरा वर्षं कॅप्टन मीच. मेहुणा डेस त्या जागेवर टपून बसलाय. तो दिवसभर कच्ची गाजरं चावतो, घोड्यासारखा.

२० फेब्रुवारी.
डॉ. फाम म्हणाल्या, गोळ्यांनी पोटातले चांगले जंतू मारलेत, एक वाईट जंतू मोकाट सुटलाय. दहा दिवसांचं औषध.

२५ फेब्रुवारी.
पाच दिवसांतच बरा. उरलेलं औषध कॅरव्हॅनच्या खणात. पुढेमागे लागेल.

३ मार्च.
पुन्हा. आज चौदा वेळा. शेडमध्ये बादलीभर कोबी आंबत घातलाय. चांगले जंतू घरीच तयार करणार.

६ मार्च.
बादली फुटली. मर्ल म्हणाली, वास शेडचा की तुझा, काही कळेना.

१० मार्च.
सात किलो कमी. फायनलला पांढऱ्याशिवाय मैदानात पाय ठेवू देत नाहीत. पांढरी पँट घालून घरातच गालिच्यावर सराव केला. गालिच्यापासून संडास नऊ पावलं. आठात पोचलो. आशादायक.

१५ मार्च, सकाळी ७.
ठणठणीत. पँटला इस्त्री.

१५ मार्च, दुपार.
पहिलाच बोल टाकायला वाकलो. अँब्युलन्स. पँटबद्दल लिहिणार नाही.

१८ मार्च. अ‍ॅडलेडचं हॉस्पिटल.
औषध आता पुरणार नाही म्हणे. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू माझ्या पोटात सोडायचे. कुणाच्या, विचारलं. नाव गुप्त असतं. साफ नकार दिला. मर्ल खुर्चीत बसली, रडली. म्हणाली, तू मेलास तर भांडू कुणाशी? सही केली.

२० मार्च.
झालं.

२१ मार्च.
डेस आला. हातात फायनल जिंकल्याचा कप. बिछान्याशी बसून गाजर खाल्लं. म्हणाला, गेली दोन वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी तोही इथे विष्ठा देतो, रक्त देतात तसं. सगळ्या तपासण्यांत पहिला नंबर. मर्लला ठाऊक होतं. मी म्हटलं, अ‍ॅडलेडमध्ये दाते पुष्कळ असतील. तो म्हणाला, नाही रे दादा, आम्ही चौघंच.

२४ मार्च.
पोट शांत. महिन्याभरात पहिल्यांदा झोपलो. डेस सोडला तर चार दात्यांतले तीन उरतातच. हिशेब माझ्या बाजूने आहे.
दुपारी नर्सने विचारलं, काही खावंसं वाटतंय का?
गाजर, म्हणालो. कच्चं.