बाळारामकाकांचा खांदा

६ जानेवारी २०२५, सोमवार

चिपळूणहून आणलेल्या दोन बॅगा, एक गादी आणि आईने दिलेला फणसपोळीचा डबा, एवढ्यावर सीवूड्समधली खोली लागली. नोकरीही आजच सुरू झाली. सुचिता मॅडमचं क्लिनिक छोटं पण उजेडाचं आहे. खिडकीतून करावे गाव आणि त्यामागे खाडीची रेघ दिसते. मॅडमनी सगळ्यांना माझी ओळख ‘आपली ड्राय नीडलिंगवाली’ अशी करून दिली. हाताखाली भाविका आहे, नुकतीच फिजिओथेरपी पास झालेली, फार उत्साही. तीन पेशंट झाले, तिघंही मान मोकळी हलवत गेले. छान वाटतंय.

८ जानेवारी

आज करावे गावातले बाळारामकाका आले. वय अडुसष्ट, जन्मभर खाडीत जाळी ओढलेली. डावा खांदा दोन वर्षांपासून धरलाय, हात कानाच्या वर जात नाही. एक्स-रेमध्ये काही नाही. दाबून पाहिलं तर स्नायूत पाच गाठी: चार मागे ओळीने, एक पुढे. अशी मांडणी मी आधी पाहिलेली नाही.

त्यांना समजावलं, की ड्राय नीडलिंगची सुई केसासारखी बारीक असते, औषध वगैरे काही नसतं; नुसती गाठीत टोचायची, स्नायू एकदा टचकन उडतो आणि सैल पडतो. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे होतं. मग त्यांनी विचारलं, घरी ल्हान पोर हाय का कोनी? मी एकटीच राहते म्हटल्यावर त्यांनी शर्टाची बटणं काढली.

सुई टोचली. स्नायू उडाला नाही. सुईच आत ओढली गेली, माशाने गळ ओढावा तशी. मग सुटली. हात चार बोटं वर गेला.

११ जानेवारी

काकांच्या आणखी दोन गाठी गेल्या. दोन्ही वेळा तीच ओढ. माझा डावा खांदा सकाळपासून ठणकतोय. नव्या गादीमुळे असेल.

१५ जानेवारी

उरलेल्या दोन गाठीही सुटल्या. काकांनी दोन्ही हात सरळ वर केले आणि रडायला लागले. मला वाटलं, आनंदाने. पण जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन केस बांधायला गेले. डावा हात वर जाईना.

१६ जानेवारी

भाविकाने तपासलं. चार मागे, एक पुढे. ती म्हणाली, कुणीतरी पंजाने धरल्यासारखं वाटतंय. गंमत म्हणून तिने आपला पंजा तिथे ठेवला. अंतरं जुळली, फक्त तिचा पंजा लहान पडला. ती लगेच सुया आणायला निघाली. मी नको म्हटलं. का, ते तिला सांगता आलं नाही.

१७ जानेवारी

करावेला गेले. काका ओट्यावर जाळं शिवत बसले होते. मला पाहून उठले नाहीत. मी खांद्याला हात लावून दाखवला, तेव्हा बोलले.

दोन वर्षांपूर्वी खाडीत एक जण बुडत होता. काकांनी होडीतून वाकून हात दिला, त्याने खांदा धरला. होडी कलंडायला लागली. “मी त्याची बोटं सोडवली, मॅडम. येक येक करून.” चार बोटं, मग अंगठा. माणूस वर आला नाही. त्या दिवसापासून खांदा धरलेला.

मला जे आता कळलं, ते त्यांना पहिल्या सुईआधीच कळलं होतं. जो सुई धरतो, त्याला तो बुडालेला धरतो. काका म्हणाले, माज्यानं सोसवत नव्हता.

मी तशीच परत निघाले.

१८ जानेवारी

कुर्त्याची डावी बाही ओली. दोनदा बदलली. खाडीच्या चिखलाचा वास.

पकड घट्ट होतेय. हात आता कोपरापासूनही —

२० जानेवारी, सकाळ

सुचिता मॅडम चिडल्या. चार पेशंट परत पाठवले मी. भाविकाकडून आत्ता सुया घे म्हणाल्या. भाविका हातमोजे घालून तयार. तेवीस वर्षांची आहे ती. खूश आहे, की माझ्यावर सुई चालवायला मिळणार.

मी आतल्या खोलीची कडी लावून घेतली. बाहेर दोघी हाका मारतायत.

तिला देणार नाही. माझं मीच करते. डावा खांदा, उजव्या हातात सुई. आरसा आहे.

साडेअकरा

पाचही. ओढ — मग सुटलं. डावा हात वर जातोय. कानाच्या वर. गेला. खरंच गे—

मनगट

उजवं. चार वर, अंगठा खाली. दिसत नाही काही, पण कातडी दबलेली दिसतेय. पांढरी.

डाव्या हाताने बोटं सोडवायला गेले — धरायला काही नाहीच —

टेबल ओलं. लिहिताना हात बाजूला सरकतोय. भाविका दार ढकलतेय. आत येऊ नकोस, सुईला हात लावू नको

तो मला ओढ