दगडफुलांची पाकिटं

जुने शहर, अकोला
रविवार

प्रिय आचल,

तुझा ताप उतरला असेल. नसेल तर पेज पी आणि गोळी वेळेवर घे. ‘बाबांची दगडफुलांची पाकिटं ढोले सरांच्या कॉलेजला द्यायची की नाही ते लवकर सांग, पंधरा तारखेला त्यांच्यावरची पुस्तिका छापायला जाते,’ असं तू म्हणाली होतीस. तू आजारी पडलीस म्हणून तुझ्या जागी मी तुझ्या पीएच.डी.च्या या सरांच्या सहलीला धारणीला गेले. ‘कै. शालिकराम यांच्या पत्नी’ म्हणून मला जीपमध्ये पुढची सीट दिली. ज्या माणसाच्या हाती तीनशे बारा पाकिटं जायची आहेत तो माणूस एकदा पाहून घेऊ, एवढ्यासाठीच मी गेले होते. पाहिला.

अमरावतीहून दोन जीपा निघाल्या. सतरा माणसं, सतरा टोप्या आणि प्रत्येकाच्या गळ्यात भिंग. भिंग डोळ्याला भिडवायचं आणि वस्तू जवळ आणायची असते, हे त्यातल्या दोघांना ठाऊक होतं. बाकीचे भिंग दगडावर टेकवून स्वतः दोन हात लांब उभे होते. एका बाईंनी ओल्या खोडावरच्या शेवाळाचा फोटो काढला, तर मोबाईलनं ते नॉर्वे देशातलं ठरवलं. बाईंना आनंद झाला. नॉर्वेचं शेवाळ आपल्या मेळघाटात कसं आलं, याचा विचार करायचं काम त्यांनी मोबाईलवरच सोडलं असावं.

सर मात्र माझ्यावर खूश होते. वाटेत म्हणाले, “वहिनी, तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो. तुम्ही मसाल्यात टाकता ना दगडफूल, तीच ही मंडळी. बुरशी आणि शैवाल यांचा संसार म्हणा ना.” मी म्हटलं, “हो का.” मग त्यांनी तो संसार पुन्हा एकदा, आणखी सोपा करून सांगितला. मी पुन्हा “हो का” म्हटलं. दगडफुलावर धुण्याच्या ब्लीचचा थेंब टाकला तर काही जातींत लाल डाग उमटतो आणि काहींत नाही, त्यावरून जात ओळखता येते, हे सांगून त्यांना दमवावं असं मला वाटलं नाही.

नाल्याजवळ एका मोठ्या दगडापाशी सर थांबले. नारिंगी-तपकिरी, कडेला फाटलेला, तळहाताएवढा ठिपका. सरांनी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला, एक लांबलचक नाव सांगितलं, आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी वाकून पाहिलं आणि गप्प बसले. आपला जीपवाला बंडू गप्प बसणारा नाही. तो म्हणाला, “सर, थो माया खर्रा व्हय. काल रस्ता पाहाले आलतो, तवा थुकलो.” पोरं हसायला लागली. सर म्हणाले, “असेल, पण त्याच्याखाली काहीतरी आहे.” आचल, एकाही पोरानं वहीतलं नाव खोडलं नाही. तुला त्या वह्या उतरवायला मिळतील तेव्हा पान बघ.

तुझे बाबा अशा सहलींना बावीस वर्षं पिशव्या वाहायला गेले. इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला परिचर म्हणजे सर लोकांच्या लेखी हमाल. पण त्यांना डोंगर चढायची हौस होती. येताना शर्टाच्या खिशात सालीचे, दगडाचे कपचे आणायचे आणि ओट्यावर माझ्यासमोर ओतायचे. “मले तं सगळे सारखेच दिसते. तुले काय दिसते थे सांग,” म्हणायचे. मी सातवी शिकलेली. पण कॉलेजनं मोडीत काढलेलं भिंग त्यांनी आणून दिलं होतं, वाचनालयातून पुस्तकं आणायचे, आणि इंग्रजी शब्दकोशाची पानं माझ्या कणकेच्या हातांनी पिवळी झाली होती. एकेका कपच्यावर आठवडा जायचा. मग वर्तमानपत्राच्या कागदाचं पाकीट, त्यावर जागा, झाड की दगड, तारीख. पुढे तू मोठी झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. ते पुढे चालायचे, काटे बाजूला करायचे आणि मी बसकण मारून बघत बसले की पाठमोरे उभे राहून विडी ओढायचे. घाई कर, असं त्या माणसानं कधी म्हटलं नाही. ते जाऊन चार वर्षं झाली, अजून मला जंगलात मागे वळून बघायची सवय आहे.

जेवणानंतर सागाच्या सावलीत सरांनी पुस्तिकेची प्रस्तावना वाचून दाखवली. ‘एका निरक्षरप्राय सेवकाची तीस वर्षांची एकाकी साधना.’ निरक्षरप्राय. बाबा मॅट्रिक होते. टाळ्या पडल्या. मग त्यांनी मुखपृष्ठाचा नमुना दाखवला. तू दिवाळीत काढून पाठवलेल्या फोटोंपैकी एका पाकिटाचा फोटो मोठा करून छापला आहे, त्यावरची तारीख स्वच्छ वाचता येते, १४ ऑगस्ट २०२३. सरांनी तो फोटो महिनाभर टेबलावर ठेवला, सतरा जणांनी तो हातोहात फिरवला. एकानंही विचारलं नाही की मार्च २०२१ मध्ये गेलेल्या माणसानं त्या दिवशी दगडफूल गोळा कसं केलं.

त्यांचं जाऊ दे. तू तीन दिवस माझ्याच घरात बसून तीनशे बारा फोटो काढलेस. त्यातली शेवटची एक्केचाळीस पाकिटं बाबा गेल्यानंतरची आहेत. अंजनगावला मावशीकडे जाते म्हणून मी तुला सांगायचे आणि तिथून पुढे परतवाड्याची, मग धारणीची बस धरायचे. मावशीनं तुला कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस.

दोष माझाही आहे, तो लपवत नाही. बाबांच्या निरोपसमारंभात प्राचार्यांनी या पाकिटांसाठी त्यांचं कौतुक केलं, तेव्हा ते बोलायला उठले होते. मी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. ‘बायकोचं काम स्वतःच्या नावावर मिरवत होता’ म्हणून लोक त्यांना हसतील, असं मला वाटलं. घरी येऊन ते जेवले नाहीत. म्हणाले, “हे मी केलं नाही, एवढंच सांगाले उठलो होतो. तू बसवलं.” ते गेले तेव्हा हे त्यांच्या मनात राहिलं होतं. मला माहीत आहे.

पाकिटांची पेटी कुलपात आहे. बाबांना खोटं ठरवून बसलेली ती प्रस्तावना काढून टाकली, आणि पुस्तिकेवर दगडफुलं ज्यांनी गोळा केली आणि ज्यांनी ओळखली त्या दोघांची नावं आली, तर मी स्वतः पेटी घेऊन अमरावतीला येईन. नाहीतर ती या घरातून हलणार नाही, मग तुझी पीएच.डी. कुठेही अडो. हे सरांना तूच सांगायचं आहेस. फोनवर सांगितलं असतं तर ‘आईला वाटतं तसं’ म्हणून तू सोडून दिलं असतंस. म्हणून चार पानं हातानं लिहिली. माझ्या शब्दावर जाऊ नको. तुझ्याकडचा कोणताही फोटो उघड, पहिल्या पाकिटाचा किंवा शेवटच्या, आणि हे पत्र त्याच्या शेजारी ठेवून अक्षर ताडून बघ.

तुझीच आई,
रुख्मिणी