अभ्यासक्रमातला मृग

सर, तुमचा पावसाचा धडा यंदा मी अभ्यासक्रमातून काढला. आधी हेच सांगते, आडवळणं घेत बसले तर सांगायचं राहून जाईल. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती शिकवायला लागले होते, आता माझेच केस पांढरे झालेत. काम तुमच्याच विषयातलं. कॉलेजात हवामान बदल शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दर वर्षी नवं काय कळलं ते मराठीत लिहून देते, अन् त्यांच्यासोबत बसून जुनं काय गाळायचं ते ठरवते. गाळायला कुणी तयार नसतं, सर. एकदा नोट्स झाल्या की पेन्शनपर्यंत त्याच! एकाच्या स्लाइडवर अजून बर्फातलं पांढरं अस्वल आहे. मी म्हटलं, "अहो, हे सेनगावात कुठून शिरलं?" सगळे खो खो हसले, अस्वल मात्र जागचं हललं नाही.

तुमचा धडा तर सगळ्यांचा लाडका. वर्गात शिरताच तुम्ही विचारायचात, "सांगा रे, यंदा मृगाचं वाहन काय?" पंचांग बघून आलेलं एखादं पोरगं ओरडायचं, "बेडूक!" "मंग पाणी बक्कळ!" म्हणत तुम्ही खडू उचलायचात, अन् मृग, आर्द्रा, पुनर्वसू करत करत मान्सून शिकवून व्हायचा. त्या नोट्स एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या, वरचं नाव कधीतरी गळालं. धडा कुणाचा, हे आता मला एकटीलाच ठाऊक आहे.

मागच्या पावसाळ्यात वसमतच्या बैठकीत साखऱ्याचा एक तरुण प्राध्यापक उठला. "मॅडम, राग नका मानू. पोरं पेपरात लिहून राहिलीत, मृगात पेरणी होते. आमी बराबर म्हणून मार्क देऊन राहिलो. अन् त्याच पोरांच्या घरी मृगात पेरलेलं करपलं, दुबार पेरणी चालली. आपण शिकवून काय राहिलो?"

एसटीत बसले तेव्हा तुम्ही आठवलात. तुमच्या वर्गात असताना मी पेपरात लिहिलं होतं, या महिन्यात आपल्याकडं हवा कोरडी असते. तुम्ही वर्गात तो कागद वाचून दाखवताय, अन् बाहेर धो धो पाऊस लागलाय. "खिडकीबाहेर बघ की गं! पुस्तक खरं का पाऊस खरा?" मी घाबरून म्हणते, "पुस्तक, सर." वर्ग खदखदा हसतो. तुम्ही भडकून मला व्हरांड्याच्या कडेला उभं करता, चिंब होईपर्यंत. दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात काकू माझं डोकं पुसताहेत, तुमच्यावर करवादताहेत, "लेकराला ताप आला म्हंजे?" अन् तुम्ही गप मान खाली घालून आपल्या ताटातला गूळ माझ्या भाकरीवर ठेवता. असं हक्कानं रागवणारं आता कुणी नाही, सर. फार एकटं वाटतं.

मग मी नवा धडा लिहिला. कोरडा जाणारा मृग, अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली असताना अवेळी येणारं पाणी, आपल्याच गावांतली उदाहरणं. पुढच्या बैठकीला जाताना तुमच्या बाजूनं कुणी भांडलं तर काय बोलायचं, तेही मनात जुळवून ठेवलं. पण हूं का चूं झालं नाही. "बरं झालं मॅडम, सुटसुटीत झालं," म्हणत सगळे चहाला गेले. मी तिथंच बसून राहिले. माझा चहा कुणीतरी टेबलावर आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

हे पत्र कुठं टाकणार, काकूही गेल्या. धडा काढायलाच हवा होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण कबूल करते, सर, एकानं जरी "राहू द्या हो मॅडम" म्हटलं असतं ना, तर मी ठेवला असता.