तुमच्या कापडाला कात्री मीच लावली

ती. आत्या,

नमस्कार. आधी माफी मागून टाकते, म्हणजे पत्रात मधे मधे मागत बसायला नको. माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीतच आहे. मागचं पत्र तुम्ही लाल पेनाने गोल करून परत पाठवलंत, त्यात सत्तावन्न गोल होते (मी मोजले, बाबांनीही मोजले, त्यांचे एकोणसाठ आले). म्हणून या वेळी तुम्ही पाठवलेल्या मोबाईलवर लिहितेय. ताई म्हणते मोबाईलवरही गोल करता येतात. येत असले तरी ते कसं करतात हे शोधू नका. टाइप करायला मला वेळ लागतो, कारण कात्रीने उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय आणि फोनला तो अंगठा माणसाचा वाटतच नाही. एका बोटाने चाललंय. शिवाय हा फोन पुढचा शब्द स्वतःच सुचवतो. मी ‘आत्या’ लिहिलं की तो ‘रागावली’ सुचवतो. मी कधी शिकवलं त्याला, आठवत नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? शाळेचे तीन मजले अजून चढता का? वर्गातली मुलं अजून तुमचा आवाज खालच्या मजल्यावरून ऐकून जागेवर बसतात का? आम्ही सगळे बरे आहोत. ताईच्या लग्नाला अठरा दिवस राहिलेत. घरात प्रत्येकाच्या हातात एकेक यादी आहे आणि प्रत्येकजण दुसऱ्याची यादी हरवतोय. ताई आणि होणारे भाऊजी दिवसभर फोनवर पडद्यांच्या रंगावर बोलतात. मला वाटायचं लग्न ठरलेली माणसं काहीतरी वेगळं बोलत असतील. पण नाही, पडदेच.

आता मुद्द्यावर येते. (आले असते आधीच, पण हिंमत जमवत होते.) तुम्ही भाऊजींच्या कोटासाठी ते निळं कापड पाठवलंत, आणि बाबांना फोनवर बजावलंत की कापड शिंपी मास्तरांनीच कापायचं, ‘त्या कार्टीला हात लावू देऊ नकोस.’ फोन स्पीकरवर होता. दोन वर्षं झाली, तुम्ही माझ्याशी सरळ बोलत नाही, ‘तिला सांग’ म्हणता, त्यामुळे तुमचे सगळे फोन बाबा स्पीकरवरच ठेवतात, म्हणजे त्यांची सांगायची मेहनत वाचते. तर आत्या, तुमच्या कापडाला कात्री मीच लावली. खाली पूर्ण वाचा आणि मग काय ते ठरवा. मधेच फोन करू नका, मला बोलता येणार नाही. तुम्हाला माहितेय, तोंडी परीक्षेत मी कशी उभी राहिले होते. उत्तर येत होतं, आवाज येत नव्हता. त्यानंतर मी शाळेत गेलेच नाही, हे तुम्हाला अजून सलतं, तेही माहितेय.

मी जिथे शिवण शिकते त्या मास्तरांच्या दुकानाचं आधी सांगते, कारण तुम्ही कधी आला नाहीत. दहा बाय आठची खोली, दोन मशिनी, एक कापायचं टेबल, एक आरसा (खालून तडकलेला, त्यामुळे सगळ्यांची पँट तिरकी दिसते आणि मास्तरांना दरवेळी सांगावं लागतं की चूक आरशाची आहे). पहिलं वर्ष मी काज, बटण, तुरपाई एवढंच केलं. माप मास्तर घ्यायचे. अनोळखी पुरुषांच्या पोटाभोवती टेप लावायला मला लाज वाटायची, आणि त्यांना माझ्याहून जास्त. म्हणून मास्तरांनी एक काम लावलं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मी नुसतं बघून छाती, पोट, खांदा, बाही चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी पालथी घालायची. मग मास्तर टेप लावणार आणि आम्ही ताळा बघणार. पहिल्या महिन्यात दहातले आठ आकडे चुकले. एका बाईंना तर मी त्यांच्या नवऱ्याचं माप लिहिलं. आता अर्ध्या इंचाच्या आत येते, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही (सांगतेच आहे). समोरच्या वकिलांचा उजवा खांदा फायलींच्या पिशवीने अर्धा इंच उतरलाय, हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. मी तिथे अस्तराखाली एक जादा पट्टी टाकली, आणि वकीलसाहेब म्हणाले, या कोटात मी केस जिंकणार. हरले, पण कोट सरळ बसला होता.

जगात काय चाललंय ते मला कळत नाही असं तुम्हाला वाटतं. कळतं. आम्ही कापडावर कात्री चालवायच्या आधी जुन्या वर्तमानपत्राचा साचा कापतो, त्यामुळे बातम्या रोज हाताखालून जातात. फक्त अर्ध्या असतात. कुठलं सरकार पडलं ते मला कळतं, कोणी पाडलं ते काखेच्या गोलाईत जातं. एका देशात मोठं भांडण चालू होतं, ते मी डाव्या बाहीवर वाचलं. उजवी बाही दुसऱ्या दिवशीच्या पेपराची होती, त्यात त्यांचा समझोता झाला होता. पेट्रोलचे भाव कॉलरवर असतात. एकूण माझं असं मत झालंय की जग ठीक चाललंय, जोडणी नीट व्हायला पाहिजे.

तर कोट. भाऊजी माप द्यायला आले. सोबत ताई, बाबा, आणि भाऊजींच्या आई. खोलीत इतकी माणसं झाली की मी मशीनखाली पाय ओढून बसले. भाऊजी कंप्यूटरमधले. त्यांनी टेप बघितला आणि हसले. म्हणाले, मास्तर, हे आता कोण वापरतं? त्यांच्या फोनमध्ये माप घेणारं अ‍ॅप होतं. फोन समोर ठेवायचा, आपण हात पसरून गोल फिरायचं, आणि अंगाचं सगळं माप मिलिमीटरपर्यंत. वर त्यांनी हेही सांगितलं की पाच वर्षांत ही सगळी कामं मशीनच करणार, तुमची-आमची गरज उरणार नाही. मास्तरांनी फोन दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर टेकवून ठेवला आणि म्हणाले, मशीनशी कोण वाद घालणार, उत्तर देत नाही ते. पण हे उत्तर देत होतं. आतून एक बाई म्हणाली, ‘कृपया हलू नका.’ भाऊजी हलले नाहीत. बाबाही हलले नाहीत, त्यांना वाटलं सगळ्यांनाच सांगितलंय.

आणि आत्या, तेव्हा मी बघितलं. भाऊजींनी पोट आत घेतलं होतं. होणारी बायको समोर, सासरे समोर, स्वतःची आई समोर, कुणीही घेईल. त्यांचे कान लाल झाले होते. पण खरी गोष्ट पट्ट्याने सांगितली. रोजच्या भोकाजवळ चामड्याला घडी पडते ना, ती घडी बकलच्या दोन भोकं पलीकडे गेली होती. म्हणजे सकाळी घरून निघतानाच दोन इंच आवळून आले होते. अ‍ॅप म्हणालं, पोट छत्तीस. पट्टा म्हणत होता, अडतीस. माझ्या चिठ्ठीवर साडेअडतीस होतं, कारण माणूस बसतोही. माप झालं, ती बाई ‘आभारी आहे’ म्हणाली आणि भाऊजींनी श्वास सोडला. रिळांच्या फळीवरचे सुटे दोरे हलले, खोटं नाही सांगत.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, हे तुम्ही म्हणाल. पण चारचौघात उठून ‘भाऊजी, तुमचं पोट’ असं वाक्य मी कसं सुरू करणार? मी तोंड उघडलं होतं. त्यातून टाचणी पडली.

मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कटिंग मीच करते (हे बाबांनी तुम्हाला सांगितलं नाही, त्यांना रागावू नका, घाबरतात ते). मास्तर अ‍ॅपचे आकडे माझ्या हातात देऊन डोळे तपासायला गेले. मी, छत्तीसचा कागद, साडेअडतीसची चिठ्ठी आणि तुमचं कापड. मी छत्तीसवर कापलं असतं आणि चुकलंच तर नवा पुढा काढला असता, तर प्रश्नच नव्हता. (पुढा म्हणजे कोटाची पुढची बाजू, ती नवी काढायला जादा कापड लागतं.) पण तुम्ही तीन मीटर म्हणून जे आणलंत ते पावणेतीनच भरलं. मी तीनदा मोजलं. दुकानदाराने तुम्हाला फसवलं आत्या, लाल पेन घेऊन जा तिकडे. तेव्हा नव्या पुढ्यापुरतं कापडच नव्हतं. एकच कोट निघणार होता, एकतर मशीनचा नाहीतर माझा. मी खडूने छत्तीसची रेघ मारली, पुसली, परत मारली. माझ्या मनात तुमचा आवाज आला, अगदी तिसऱ्या मजल्यावरून. आणि मी साडेअडतीसवर कात्री चालवली.

मास्तर आले, टेप लावला, चष्मा वर केला आणि ‘हं’ म्हणाले. मास्तरांच्या ‘हं’चे बरेच प्रकार आहेत, हा मला माहीत नव्हता. नंतरचे सहा दिवस मला जेवण गेलं नाही.

ट्रायलला परत तीच सगळी माणसं. भाऊजींनी पोट आत घेतलं, कोट घातला, आणि कोट त्यांच्यावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबला. समोर एक मूठ जाईल एवढी जागा. भाऊजींच्या आई म्हणाल्या, अगंबाई, हा तर थोरल्या दिरांना होईल. भाऊजींनी फोन काढून छत्तीसचा आकडा सगळ्यांना दाखवला. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, तेच जास्त लागलं. ताई म्हणाली, आत्याचं कापड होतं गं. मी आरशातल्या तड्याकडे बघत होते. मास्तरांनी एक स्टूल ओढलं, भाऊजींना बसवलं, म्हणाले, ‘घाई काय आहे, चहा येतोय,’ आणि चहा आल्यावर सहज विचारलं, ‘ते पाच वर्षांनी सगळी कामं मशीन करणार म्हणालात, ते जरा नीट समजावून सांगा.’

भाऊजी समजावू लागले. पहिल्या कपात मशीन गाडी चालवू लागलं, दुसऱ्या कपात ऑपरेशन करू लागलं. हातवारे करताना माणूस पोट धरून ठेवू शकत नाही आत्या, हे माझ्या आधी मास्तरांना माहीत होतं. चौथ्या बिस्किटाला पोट आपल्या घरी आलं. ‘आता उठा आणि बटण लावा,’ मास्तर म्हणाले. भाऊजी बोलता बोलता उठले, बटण लावलं, आणि कोट असा बसला, असा बसला की कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही, पाठ तर पाण्यासारखी. मग ताई म्हणाली, ‘म्हणजे लग्नभर श्वास रोखून उभा राहणार होतास?’ आणि भाऊजींच्या आई इतक्या हसल्या की त्यांना स्टूल द्यावं लागलं. भाऊजी लाल झाले, पण माणूस चांगला आहे, माझ्याकडे बोट करून स्वतःच म्हणाले, ‘अ‍ॅपला पोट आत घेतलेलं कळत नाही, हिला कळलं.’ बाबा म्हणाले, ‘आमच्याकडे कळतं,’ आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आमच्या दुकानात एक रीत आहे. कोट ज्याने कापला त्याने आतल्या खिशात एक टाका आपल्या रंगाचा घालायचा, म्हणजे तक्रार आली की कोणाला धरायचं ते कळतं. मास्तरांचा पांढरा. आजवर माझ्या कटिंगवरही तेच पांढरा घालायचे. त्या दिवशी त्यांनी रिळांची फळी दाखवली आणि म्हणाले, घे तुला कुठला पाहिजे तो. मी लाल घेतला. का ते तुम्हाला कळेल.

सगळ्यांना नमस्कार. गुडघ्यांना शेक द्या.

तुमची,
ती कार्टी

ता. क. एक काम होतं. ‘शाळा सोडणारी मुलं’ या विषयावर वर्तमानपत्रात तुमचं पत्र छापून आलं होतं, तो अंक बाबांनी जपून ठेवला होता. तो चुकून रद्दीबरोबर दुकानात आला आणि आता भाऊजींच्या कोटाच्या साच्याचा डावा पुढा आहे. मी साचा कापून झाल्यावर बघितलं. तुमचं नाव काखेत गेलं. पत्र मी सगळं वाचलं, फक्त शेवटची ओळ मिळाली नाही, ‘अशा मुलांचं पुढे’ इथे कात्री आहे. दुसरी प्रत असेल तर पाठवा. बाबांना कळायच्या आत.

ता. क. २. खरं काम हे नाही. लग्नात तुमच्या शाळेतल्या बायका येणार, आमचे नातेवाईक येणार, सगळे मला विचारणार, तू सध्या काय करतेस? माझा आवाज फुटणार नाही, मी चपलांकडे बघत उभी राहणार. तेव्हा तुम्ही भाऊजींना कोटाचा आतला खिसा उलटा करायला लावा, टाका बघा, आणि मग तुमच्या त्या तिसऱ्या मजल्याच्या आवाजात एकदाच सांगा, की हा माझ्या भाचीने कापलाय. एकदा पुरे, तुमचं एकदा सगळ्या हॉलला जातं. पसंत नसेल तर खिशाला हात लावू नका, मला कळेल. मी समोरच असेन.

ता. क. ३. बाबांनी काल मिशी काढली. घरात अजून कोणी काही बोललेलं नाही.