ओळखीचा हात

३ नोव्हेंबर
आजपासून मी नोकरदार. पारशिवनीहून निघताना आई अशी रडली, जणू मी नागपूरला नाही, परदेशी चालले. वाडी भागात गोदामांच्या मागे शोभाताईंकडे वरची खोली मिळाली. प्रयोगशाळा जवळच आहे. इंजेक्शनची औषधं आधी सशांना टोचून बघतात. सशाला ताप चढला तर ते औषध बाद. मुलाखतीत विक्रम सरांनी बीएस्सीचं काहीच विचारलं नाही. एक ससा माझ्या हातात दिला आणि बघत राहिले. ससा शांत बसला. मला लगेच रुजू व्हायला सांगितलं.

९ नोव्हेंबर
ससा नुसता घाबरला तरी त्याचं अंग तापतं आणि तपासणी फुकट जाते. म्हणून रोज त्यांना कुरवाळायचं, कानामागून पाठीवर, सावकाश, आणि एकाच माणसाने. हात ओळखीचा झाला पाहिजे. या कामाचा पगार मिळतो हे आईला पटतच नाही. सशांना नावं द्यायला मनाई आहे. मी एकीचं नाव उत्तरा ठेवलंच. दिवसभर बोलायला दुसरं कोणी नाही. संध्याकाळी शोभाताईंची छोटी नात नूपुर वर येते आणि माझ्या मांडीवर झोपते. माणसाची सोबत म्हणाल तर तेवढीच.

२१ नोव्हेंबर
एका तुकडीचं काम संपलं. काम संपलेल्यांना शेवटचं इंजेक्शन देतात हे मला ठाऊक होतं. ते माझ्या हातात असताना देतात हे ठाऊक नव्हतं. विक्रम सर म्हणाले, ओळखीचा हात असला की धडपडत नाहीत, तेवढी दया आपण करू शकतो. उत्तराने नेहमीसारखं डोकं माझ्या तळव्याखाली घातलं. एकदा तरी ओरबाडायचं होतं तिने मला. औषधं माणसांना लागतातच, नूपुरलाही लागतात, असं स्वतःला समजावत घरी आले. जेवण गेलं नाही. फोनवर आईला म्हटलं, सगळं ठीक आहे.

२७ नोव्हेंबर
गल्लीतली मांजर पायाशी आली. सवयीने हात फिरवला, कानामागून पाठीवर. ती तिथेच पसरली. डोळे उघडे, श्वास बंद. म्हातारी असेल.

१ डिसेंबर
आज शेजारची शेळी. ती म्हातारी नव्हती.
राजीनामा दिला. विक्रम सर म्हणाले, असा हात पुन्हा मिळायचा नाही.
नूपुर दार वाजवते. मी उघडत नाही. शोभाताई बाहेरून विचारत होत्या, काहून रुसली वं पोरीवर, तुह्या हाताशिवाय झोपून नाही राहिली ते. मी तोंडावर पदर धरून रडले. तिला जवळ घ्यावंसं फार वाटतं.

२ डिसेंबर
उजवा हात घासून घासून सोलला. तरी फिरतो — उशीवरून, भिंतीवरून, सावकाश. माझं ऐकत नाही. फक्त लिहिताना थांबतो. म्हणून लिहिते आहे. काहीही. बस, गोदाम, ट्रक, बस —

३ डिसेंबर
दुपारच्या बसने घरी जायचं. सामान खाली न्यायला दार उघडलं, तर समोर शोभाताई, कडेवर नूपुर. तिला ताप आहे. सुई बघून आकांत करते म्हणाल्या, तूच धर वं इले, तुह्यापाशी शांत राहीन. मी नको नको म्हणेपर्यंत तिला माझ्यापुढे ठेवलं आणि कंपाउंडरला बोलवायला गेल्या.

मी वही ओढली. लिहिते तोवर —

नूपुर मांडीवर चढली. अंग तापलंय. डाव्या हाताने ढकलते — तिला खेळ वाटतो. हाका मारल्या. खाली कोणी नाही.

लिहीत राहायचं. शोभाताई येईपर्यंत. नूपुर, जा. नूपुर, जा बाळा. नूपुर —

पेन ओढते आहे. हसते. मला घाबरत नाही, जरासुद्धा —

डोकं तळव्याखाली घालते —