बाबांच्या फोनवरून आलेले मेसेज

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. बाबा जाऊन तीन महिने झाले, तरी फोन उचलल्या उचलल्या तू माझी माफी मागतोस आणि मग मला पुढचं काही सुचत नाही. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढा एक फायदा.

माझं बरं चाललंय. म्हणजे चाललंय. परीक्षेत तिसरी आले. यादीत नाव दिसलं तेव्हा काहीच वाटलं नाही, बसची वेळ झाली होती म्हणून निघाले. सकाळी जपानी व्याकरण, दुपारी कॉमिक्स आणि कार्टून मालिकांवरचे तास. आत्या अजून लोकांना सांगते का रे, पोरगी परदेशात चित्रं बघायला गेलीय म्हणून? या सत्रात माझा विषय आहे, मालिकांमधले बाप. मॅडम म्हणाल्या, हवा तर बदलून देते. मी म्हटलं, नको. वीस पानं लिहून झाली, डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

तास संपले की जुन्या कॉमिक्सच्या दुकानात काम करते. आलेली पुस्तकं पुसायची, भाग क्रमाने लावायचे, वर प्लास्टिकचं कव्हर चढवायचं. एखाद्या संचातला एकोणिसावा भाग नसला की मालक आठवडाभर हळहळतो. मी मान डोलावते. हात आपले चालू असतात, मी कुठे असते कोण जाणे. परवा त्याने दारावरची पाटी माझ्याकडून लिहून घेतली आणि विचारलं, असं अक्षर कुठे शिकलीस? वडील पाट्या रंगवायचे, असं मी जपानीत सांगितलं. एकही चूक झाली नाही, आवाजही हलला नाही. मग उरलेले गठ्ठे सोडले.

बाबांना जपानी ओ की ठो कळत नव्हतं, पण व्हिडिओ कॉलवर माझी वही तपासायचे. ही शेवटची रेघ घाईत मारलीस, पुन्हा काढ. रविवारी ते तिकडे आणि मी इकडे, एकाच वेळी मालिकेचा एकच भाग लावायचो. खालचं भाषांतर वाचायला त्यांचा चष्मा सापडेपर्यंत इकडे माझं निम्मं बघून झालेलं असायचं. तू जाता जाता टोमणा मारायचास, साठी उलटली आणि आता कार्टून! पण कधी दोन मिनिटं टेकला नाहीस.

मग तो आठवडा. बाबांना इस्पितळात हलवलं आणि माझी परीक्षा तोंडावर होती, म्हणून तू मला काही कळू दिलं नाहीस. त्यांच्या फोनवरून तूच रोज मला मेसेज करत राहिलास. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते गेले. मी पेपर देऊन बाहेर आले, तेव्हा तू सांगितलंस. घरी आले आणि भरल्या घरात तुझ्यावर ओरडले, माझ्या बापाचं शेवटचं तोंडही बघू दिलं नाहीस. तू मान खाली घातलीस. तेव्हापासून आत्याने तुझ्याशी बोलणं टाकलंय. वहिनी सांगत होती, तू भरल्या ताटावरून उठतोस आणि बाबांच्या खोलीत जाऊन बसतोस.

आता नीट ऐक. त्या मालिकेतल्या नायकाचं नाव बाबांनी जन्मात कधी घेतलं नाही. केस पिंजारलेले, म्हणून ते त्याला झाडू म्हणायचे. तुझ्या पहिल्याच मेसेजमध्ये त्याचं खरं नाव होतं, अगदी बिनचूक. कुठून तरी शोधून काढलं असशील बिचाऱ्याने. मी ते वाचलं आणि मला कळलं, हे बाबा नाहीत. बाबांना फोनसुद्धा हातात धरता येत नाहीये. लगेच निघाले असते तर दुसऱ्या दिवशी पोचले असते. बाबा त्यानंतर सहा दिवस होते, दादा. पण वर्ष गेलं असतं, आणि ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. मी उत्तर पाठवलं, हो बाबा, मस्त होता भाग. आणि वही उघडली. रोज तेच केलं. वर घरी येऊन सगळं तुझ्या माथी मारलं, कारण तुझी मान आधीच खाली होती. हे पत्र आत्याला वाचून दाखव, सगळ्यांना बोलावून. तुला फोन करून सरळ विचारलं असतं, तर तुला खोटं बोलता आलं नसतं. ते मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं नाही.

तुझीच,
बारकी